लाडाने बिघडलेले इंजिन

गॅरेजवाले नागोजीराव मोहिते यांची आणि माझी पहिली भेट धुरामुळे झाली. मी तेव्हा नजरबादच्या एका कचेरीत नोकरीला होतो. वडिलांच्या, म्हणजे अप्पांच्या, जुन्या मोटरीचे इंजिन मोठ्या हौसेने नव्याने बांधून घेतले होते; पण ती पेट्रोलबरोबर ऑइलही पिऊ लागली. दर वेळी टाकी भरताना लिटरभर ऑइल ओतावे लागे. अप्पांना त्या गाडीतून एकदा टी. नरसीपूरच्या संगमावर जायचे होते आणि त्यांची तब्येत दिवसेंदिवस ढासळत होती. इंजिन पुन्हा उघडले तर सहा महिने जातील, असे जो तो सांगत होता.

तरीही मी नागोजीरावांना म्हणालो, "उघडा एकदाचे."

"साकू सार, पुरे," ते कानडी मिसळून म्हणाले. "घाई नको. आधी बघू द्या."

आधी बघणे, हा त्यांचा आयुष्यभराचा धर्म. त्यांनी गाडीखाली जुना पेपर अंथरला. त्यावर थेंब पडला नाही, म्हणजे गळती नव्हती. मग मला शेजारी बसवून गाडी चामुंडीच्या टेकडीवर नेली. उतारावर ॲक्सिलरेटरवरचा पाय काढून पुन्हा दाबला, तरी धूर नाही; म्हणजे व्हॉल्व्ह ठीक. चढावर मात्र निळे लोट निघाले होते. परत आल्यावर त्यांनी सिलिंडरचा दाब मोजला, चमचाभर ऑइल आत सोडून पुन्हा मोजला. दाब वाढला; म्हणजे आतली फट ऑइलने बुजली होती.

"पिस्टनच्या रिंगा," ते म्हणाले. म्हणजे इंजिन उघडणे आलेच, असे मला वाटले.

"चालवता कशी, सार?"

मी अभिमानाने सांगितले की ताशी वीस मैलांच्या वर कधीच नेत नाही, आणि रोज सकाळी अर्धा तास दारातच चालू ठेवतो.

"नोडी सार, बघा, ही मोटर आहे की देव? जोर पडल्याशिवाय नव्या रिंगा बसत नाहीत. लाडानं बिघडवली तुम्ही."

पुढचे आठ दिवस हातातली कामे बाजूला ठेवून, मागे भाताची पोती टाकून, त्यांनी ती स्वतः सरगूरच्या रस्त्याला पळवली. इंजिन उघडावे न लागता ऑइल पिणे थांबले. मग तेच अप्पांना संगमावर घेऊन गेले, आणि पाण्यात पाय सोडून बसलेल्या अप्पांचा हात धरून उभे राहिले. चार महिन्यांनी अप्पा गेले. इंजिन उघडण्यात जाणारे ते सहा महिने आमच्याकडे नव्हतेच.

नागोजीराव तापट आहेत, वायद्याचे पक्के तर मुळीच नाहीत. निवृत्तीनंतर मी दर रविवारी त्यांच्या गॅरेजात शिकायला जातो आणि पाना चुकीचा उचलला म्हणून बोलणी खातो. पण कोणत्याही गिऱ्हाइकाचे इंजिन त्यांनी उगाच उघडल्याचे मी पाहिलेले नाही.

आता त्यांना पंच्याहत्तर पूर्ण होत आहेत. मुले-सुना मायेने म्हणतात, "पुरे झाले, घरी बसा." त्यांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो, ही चामुंडेश्वरीच्या चरणी प्रार्थना. आणि घरच्यांना हात जोडून एकच विनंती, लाडाने इंजिन बिघडवलेल्या माणसाची: त्यांना जपून ठेवू नका. सकाळी गॅरेजला येऊ द्या.