जेटमधली तार

सिग्नलवर एखाद्या गाडीतून कच्च्या पेट्रोलचा वास आला की पोलोग्राउंडचं ते गॅरेज आठवतं. बाबा तिथले जुने फिटर. मी इंजिनियर झालो, घरातला पहिलाच पदवीधर, तेव्हा त्यांनी गॅरेजभर पेढे वाटले होते. पुढच्याच आठवड्यात त्यांच्या जुन्या मोटारसायकलचा कार्बोरेटर मी त्यांना न विचारता साफ केला आणि गाडी काळा धूर ओकू लागली. गॅरेजच्या मिस्त्रीने त्यातला जेट, पेट्रोल सोडणारा बारीक भोकाचा पितळी तुकडा, उजेडात धरला. “यात तार कोणी घातली, भिया? भोक मोठं झालंय, पेट्रोल जास्त जाणारच.” मी बोलणार तेवढ्यात बाबा म्हणाले, “मीच घातली.” “काकाजी, तुम्ही? तार घालणाऱ्याला तर तुम्ही हाकलून देता. अब रिटायर हो जाओ.” सगळे हसले, बाबा खाली बघत राहिले. आज बाबा नाहीत. जेटमध्ये तार घालू नका, हे मी कॉलेजात दरवर्षी शिकवतो. तेव्हा ती कोणी घातली होती, हे मात्र अजून कुणाला सांगवलेलं नाही.