मास्तरच्या टीव्हीचा पहिला सिनेमा

आमच्या मेलो नावाच्या गावात टीव्ही घ्यायचा म्हटलं की माणसं आधी दुकानात जात नाहीत, एबेर सिल्वेराच्या दारात जातात. गेली पंधरा वर्षं हे असंच चाललंय आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. सिल्वेराला सगळे मास्तर म्हणतात. त्यानं शाळेत कधी शिकवलेलं नाही, त्याचं स्वतःचंच शिक्षण सहावीत आटोपलं. पण हातात कसब असलेल्या माणसाला मास्तर म्हणायची आमच्याकडे पद्धत आहे, आणि या माणसानं सव्वीस वर्षं टीव्ही दुरुस्त केले होते. पाठ फुगलेले, दोघांनी मिळून उचलायचे, ते टीव्ही. पुढे टीव्ही पातळ झाले, बिघडला की टाकायचा आणि नवा आणायचा असं सुरू झालं, आणि मास्तरचं दुकान बसलं. लोक मात्र यायचे थांबले नाहीत. आता ते विचारायला यायचे, "मास्तर, सिनेमे बघायचेत. कुठला घेऊ?"

मास्तर त्याचा एक पेसो घेत नसे. पण काम रीतसर. आधी घरी जाऊन प्रत्येक खुर्चीवर एकेकदा बसायचा. खिडकी कुठल्या बाजूला आहे ते बघायचा. मग विचारायचा, "सिनेमा बघताना या घरात रडतं कोण?" रडणाऱ्या माणसाला चेहरे मोठे दिसावे लागतात, असं त्याचं म्हणणं. बेकरीवाल्याच्या बायकोनं या प्रश्नावर नवऱ्याकडे बोट दाखवलं होतं, आणि बेकरीवाला महिनाभर मास्तरशी धड बोलला नव्हता. पाव मात्र देत होता.

मग दुकान. चौकातलं ताबारेचं. मास्तर दारात दिसला की ताबारे आपणहून दिवे घालवायला उठायचा. मास्तरच्या खिशात एक पेन ड्राइव्ह असायचा, त्यात एकच चित्र होतं: रात्रीच्या माळावर उभा काळा घोडा. ते लावून तो गिऱ्हाइकाला म्हणायचा, "पाय मोज." चार भरले तर टीव्ही पास. कित्येक टीव्हींत घोड्याला दोनच पाय निघायचे. एकात तर एकही नव्हता, घोडा नुसता हवेत होता. तो टीव्ही ताबारेनं शेवटी मेहुण्याला दिला.

टीव्ही घरी आला की त्याच संध्याकाळी पहिला सिनेमा. ज्यानं टीव्ही निवडला त्याला बोलवायचं, मधल्या खुर्चीत बसवायचं, त्याच्यासाठी चरबीत गरमगरम तोर्ता, म्हणजे पिठाच्या जाड पुऱ्या, तळायच्या. या आमंत्रणाला नाही म्हणता येत नाही. निवडणारा आला नाही तर त्याला स्वतःलाच तो टीव्ही पसंत नाही, असा गाव अर्थ लावतं, आणि मग टीव्ही परत जातो. मास्तर कधी चुकला नाही. इस्त्रीचा सदरा घालून सातला हजर. सिनेमा संपला की दिवे लागत, मास्तर मान डोलवी, घरचे टाळ्या वाजवत, आणि मास्तर घरी. दुसऱ्या सिनेमाला त्याला कुणी बोलवत नसे. त्यात कुणाची चूक नव्हती. पद्धत पहिल्याचीच होती.

मास्तरच्या स्वतःच्या घरी टीव्ही नव्हता. सहा वर्षांपूर्वी बायको ओल्गा गेली, त्याच वर्षी त्यांचा जुना टीव्ही बंद पडला, आणि ज्यानं अख्ख्या गावाचे टीव्ही उघडले त्यानं हा एक उघडला नाही. गावाला वाटायचं, मास्तरच्या पसंतीस उतरेल असा टीव्ही अजून निघालाच नाही. मास्तर गावाला तसं वाटू देत होता. अडचण एवढीच, की तो टीव्ही फार चांगले निवडायचा. ते बिघडतच नसत. दोन वर्षांमागे वर्षभरात नऊ पहिले सिनेमे झाले होते, गेल्या साली चार. यंदा एप्रिल लागला तरी एकच, औषधवाल्याकडचा.

ईस्टरच्या आठवड्यात, म्हणजे आमच्याकडच्या पर्यटन सप्ताहाच्या सुट्टीत, त्याची मुलगी यानिना राजधानीतून, मोंतेविदेओहून आली. ती तिथे नर्स आहे आणि तिला उत्तरं लगेच लागतात.

"पप्पा, संध्याकाळी तू करतोस काय?"

"बसतो."

"कुठे?"

"हा काय, इथे."

"आणि बघतोस काय?"

मास्तरनं समोर बोट केलं. "भिंत. चांगली आहे. मागच्याच वर्षी रंगवली."

"उद्या टीव्ही आणायचा," यानिना म्हणाली. "माझ्याकडून. आणि मला कारणं नकोत."

दुसऱ्या दिवशी ताबारेनं सवयीनं दिवे घालवले. दुकानात अकरा टीव्ही होते. पहिला मास्तरला लहान वाटला. दुसरा मोठा. तिसऱ्याची कड जाड होती, चौथ्याची इतकी बारीक की चित्र कधी खाली पडेल सांगता येत नव्हतं. पाचव्यापाशी ताबारे कळवळून म्हणाला, "अहो मास्तर, हाच तुम्ही औषधवाल्याला घ्यायला लावलात! त्या दिवशी म्हणालात, एवढा काळा रंग जन्मात बघितला नव्हता."

"त्याच्या घरी काळा आहे. माझ्याकडे करडा दिसेल."

यानिनानं घोड्याचे पाय मोजले. "चार आहेत, पप्पा."

"मला पाच दिसतायत."

"शेपूट आहे ते!"

"मग ते वेगळं दिसायला पाहिजे," मास्तर म्हणाला आणि सहाव्याकडे वळला. अकरावा नापास होईपर्यंत दुपारच्या झोपेची वेळ झाली आणि ताबारेनं दुकानाचं दार लावून घेतलं. जरा जोरातच लावलं.

चौकातल्या बाकावर यानिना हाताची घडी घालून बसली. "आता खरं सांग. काय चाललंय तुझं?"

मास्तर बुटांकडे बघत म्हणाला, "माझ्या घरी टीव्ही आला, की लोक म्हणणार, मास्तरकडे आहे आता, त्याला कशाला बोलवायचं? आहेत ते चार सिनेमे पण जातील. आणि माझा टीव्ही मीच निवडला तर पहिल्या सिनेमाला मी बोलवू कुणाला? मलाच?"

"मी आहे ना."

"तू गुरुवारी दुपारच्या बसनं चाललीस." त्याचा आवाज जरासा फाटला. "मला सिनेमा नको गं. सिनेमा एकट्यानं बघायला नको वाटतं मला. सहा वर्षं झाली, मला एकट्याला बसायची सवय होत नाही. आता झालं समाधान?"

यानिनाला रुग्णांची सवय होती, बापाची नव्हती. तिनं त्याचा हात धरला, थोडा वेळ धरून ठेवला, आणि मग ती पुन्हा नर्स झाली.

"मग दुसऱ्या कुणाला तरी निवडू दे. जो निवडेल त्याला यावंच लागेल."

मास्तर तिच्याकडे बघतच राहिला. "या गावात माझ्याशिवाय टीव्हीतलं कुणाला कळतं?"

"शेजारच्या झुल्माबाईंनी नाही का घेतला? तुला न विचारता."

लिंबू चावल्यासारखं मास्तरनं तोंड केलं. झुल्मा तेचेरा ही इस्पितळाच्या धोबीखान्यातून निवृत्त झालेली विधवा बाई. चार वर्षांपूर्वी तिनं एकटीनं जाऊन टीव्ही आणला होता, आणि का, तर त्याचा पाय तिच्या खिडकीच्या पडद्यांच्या रंगाचा होता. सगळ्या गल्लीत मास्तरला न विचारता आलेला तो एकच टीव्ही. तेव्हापासून मास्तर तिला सभ्यतेला लागेल तेवढीच मान हलवायचा, त्यापेक्षा एक इंच जास्त नाही.

तरी त्या संध्याकाळी तो परसातल्या कुंपणापाशी गेला. झुल्माबाई कपडे काढत होती. त्यानं सगळं एका दमात सांगून टाकलं.

"मी?" ती म्हणाली. "मला टीव्हीतलं काय कळतं, सिल्वेरा?"

"काही नाही. ठाऊक आहे मला."

"अगं बाई! विनंती करायला आलात की अपमान करायला?"

"विनंती करायला," मास्तर म्हणाला. "अपमान मागचा राहिला होता."

झुल्माबाईनं एक चादर शांतपणे घडी केली. तिच्या घड्या सुरीनं कापल्यासारख्या असतात. "बरं. पण मी दाखवीन तो घ्यायचा. दुकानात तुम्ही तोंड उघडायचं नाही. आणि घोडा घरी ठेवायचा."

गुरुवारी यानिनाला बसमध्ये बसवून दोघं ताबारेकडे गेले. झुल्माबाई म्हणाली, "तुम्ही दाराशी थांबा." ती आत ताबारेशी काहीतरी बोलली. ताबारेनं आधी तिच्याकडे पाहिलं, मग दाराकडे, मग डोकं खाजवत कोपऱ्यातला एक टीव्ही दाखवला. "हा," झुल्माबाई म्हणाली. तो अकरांपैकी नववा होता. मास्तरच्या मते त्याच्यात रात्र आणि दुपार यांत काही फरक नव्हता. मास्तरनं तोंड उघडलं. झुल्माबाईनं भुवई वर केली. मास्तरनं तोंड मिटलं. दहा मिनिटांत सगळं आटोपलं, आणि ताबारेनं त्या दिवशी दिवे घालवलेच नाहीत.

संध्याकाळी मास्तरनं सदऱ्याला इस्त्री केली. सातला तो मधल्या खुर्चीशेजारच्या खुर्चीत बसला. तोर्ता तळून झाल्या होत्या, एका बाजूनं काळ्या. सव्वासात झाले. तो उठून दारापर्यंत गेला, परत आला, खुर्ची थोडी सरकवली, मग होती तिथे ठेवली. साडेसातला त्याच्या मनानं घेतलं की तिला टीव्ही पसंत नाही. एवढ्या वर्षांत आपण एकदाही कुणाला असं ताटकळत ठेवलं नाही, हे आठवून त्याला राग आला.

सात पस्तीसला झुल्माबाई आली. एका हातात उशी, दुसऱ्यात झाकलेलं ताट. "तुमच्या तोर्तांचा वास माझ्या घरात आला," ती म्हणाली. "म्हणून पुन्हा पीठ मळलं. बसा."

मास्तरनं लोकांच्या घरी पंधरा वर्षं सिनेमे बघितले, पण त्याच्या शेजारी कुणी तोंड उघडायची हिंमत केली नव्हती. झुल्माबाई पहिल्या मिनिटापासून बोलत होती.

"हा कोण?"

"आत्ताच तर आला. मला कसं ठाऊक असणार?"

"लबाड दिसतोय. आणि याची आई कुठाय?"

"सिनेमा तिच्याबद्दल नाहीये, बाई."

"तेच तर म्हणते मी! आईकडे बघायला कुणाला वेळ आहे?"

अंधाराचे प्रसंग आले की पडद्यावर नुसतं धुकं दिसायचं. कोण कुणाला मारतंय ते कळत नव्हतं. दोघं अंदाज बांधत होते, आणि दोघांचे अंदाज वेगळे होते. शेवटाकडे मास्तरच्या ध्यानात आलं की आपण हसतोय. त्याला इतकं बरं वाटलं की भीतीच वाटली, कारण सिनेमा संपत आला होता, आणि पहिला सिनेमा एकदाच असतो.

सिनेमा संपला. मास्तरनं टीव्ही बंद केला नाही. नावं वर सरकत होती ती त्यानं सगळी वाचली, स्वयंपाक्याचं नाव, गाड्या चालवणाऱ्याचं नाव. मग नावंही संपली. झुल्माबाई उठली, उशी काखेत मारली.

"सिल्वेरा, टीव्ही वाईट आहे."

"हो," मास्तर म्हणाला.

"दुकानातच कळलं असेल तुम्हाला."

"तोंड उघडायचं नाही असं ठरलं होतं."

"मलाही तिथेच कळलं. ताबारेला म्हटलं, तुझ्याकडचा सगळ्यात वाईट कुठला, तो दाखव. आणि आठ दिवसांत बदलून देणार ना, ते वदवून घेतलं त्याच्याकडून." ती दाराकडे वळली आणि पाठमोरीच म्हणाली, "आपल्या दोघांत भिंत एकच आहे. सहा वर्षं तुमच्या घरातून आवाज नाही. सुरुवातीला मला वाटायचं, तुम्ही गेलात की काय. मग मी कानोसा घ्यायची, खुर्ची वाजली की झोपायची."

मास्तरनं त्या भिंतीकडे बघितलं.

"शनिवारी बदलून आणू," झुल्माबाई म्हणाली. "मीच निवडणार. म्हणजे पहिला सिनेमा पुन्हा बघावा लागेल. त्याला इलाज नाही."

"इलाज नाही," मास्तर म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते आणि त्यानं ते पुसले नाहीत. तिच्यापुढे होऊन त्यानं दार उघडलं, आणि ती तिच्या पायऱ्या चढून आत जाईपर्यंत ते तसंच धरून उभा राहिला.