जपानी इंजिन आणि आईच्या चिंध्या

भिवंडीत कुठेही फट दिसली की माणूस पहिल्यांदा चिंधी शोधतो. नळ गळतोय, चिंधी. दार वाजतंय, चिंधी. आमच्या मागच्या भिंतीला लागून लूमचा कारखाना होता, सदानकदा खटखट, म्हणून आईने मागच्या खिडकीच्या चारी बाजूंना चिंध्या कोंबल्या होत्या. कापडाच्या कडेच्या कातरणाचं गाठोडं कारखान्यातून फुकटच मिळायचं. सुरीच्या टोकाने चिंधी आत सारायची आणि वरून अंगठ्याने दाबायची, या कामात आईचा हात धरणारं आमच्या आळीत कोणी नव्हतं. बाबा तिला चिडवायचे, "उद्या मी फार बोलायला लागलो तर माझ्याही तोंडात कोंबशील." "कोंबीन की," ती म्हणायची, "गाठोडं भरलेलंच आहे."

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सांगताना माझं डोकं ठिकाणावर राहत नाही.

बाबा शाळेत गणित शिकवायचे. निवृत्त झाले आणि थोड्याच दिवसांत त्यांच्या किडन्या गेल्या. नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. डायलिसिससाठी त्यांना आठवड्यातून दोनदा ठाण्याला न्यावं लागायचं. नेलं तर माणूस राहणार, नाही नेलं तर नाही राहणार, एवढं साधं होतं ते. पण मधे रस्ता होता ना! वाटेत काल्हेरला गोदामं उठत होती, ट्रकांच्या रांगा लागायच्या, आणि खड्डे असे की रिक्षातून निरोगी माणूसही आडवा होऊन उतरावा. एस्टीत तर उभं राहायलाही जागा नाही. राहता राहिली आमची गाडी. टॅक्सीवाल्यांकडे असायची तसली जुनी, चौकोनी. बाबांनी ती ऐंशीच्या सुमारास सेकंडहँड घेतलेली आणि पोटच्या पोरासारखी सांभाळलेली.

एकदा परत येताना ती काल्हेरला तापली. दादाने, म्हणजे माझ्या मोठ्या भावाने, इंजिन थंड व्हावं म्हणून बंद केलं ते पुन्हा चालूच होईना. डायलिसिस करून आलेला माणूस रस्त्याच्या कडेला दगडावर बसला. ट्रकांची धूळ अंगावर घेत, शाल डोक्यावरून ओढून, कुडकुडत. डायलिसिसनंतर बाबांना भरदुपारीसुद्धा थंडी वाजायची. दादा बॉनेटवर हात आपटत होता आणि रडत होता. मी त्याला तसं रडताना आधी पाहिलं नव्हतं. घरी आल्यावर तो एवढंच म्हणाला, "ही गाडी पुन्हा रस्त्यात बंद पडणार नाही. काय वाट्टेल ते झालं तरी."

दादाचा शाळेतला एक दोस्त मेकॅनिक होता. जुन्या कोकणी मुसलमान घरातला, बाबांच्याच हाताखाली शिकलेला. बाबांना तो शेवटपर्यंत 'सर' म्हणायचा आणि गॅरेजमध्ये ते आले की हातातली विडी पाठीमागे लपवायचा. त्याने मुंबईच्या भंगार बाजारातून जपानी इंजिन आणलं. कार्ब्युरेटर नाही, पेट्रोल आपोआप मोजून फवारणारं, सोबत त्याचा छोटा कम्प्युटर. "सर, किल्ली फिरवली की स्टार्ट. थंडी असो, ट्रॅफिक असो. मख्खन!"

ते बसवताना आम्ही सगळे गॅरेजात जाऊन बसायचो, घरात लग्न असल्यासारखे. बाबांसाठी खुर्ची असायची. इंजिनाच्या अंगाला नळ्याच नळ्या चिकटलेल्या होत्या. मेकॅनिक एकेक काढून बाजूला टाकत होता. एक जाड नळी दाखवून म्हणाला, "ही सायलेन्सरचा थोडा धूर परत इंजिनात नेते. आपल्याला काय करायचीय?" काढली, आणि तिच्या जागी धुराच्या पाइपाला उरलेल्या भोकावर पत्र्याची टिकली ठोकून बसवली. मग सायलेन्सरमधला एक फुगीर डबा. "हा धूर साफ करतो. पण याला बिनशिशाचं पेट्रोल लागतं. भिवंडीत कुठून आणणार? आपलं पेट्रोल टाकलं की हा चोक होणार. फिर गाडी खडी." गाडी खडी हे ऐकल्यावर दादा कशाला थांबतोय! "काढ," तो म्हणाला, "आधी काढ तो." डब्याच्या आधी एक सेन्सर होता. तो धूर हुंगून कम्प्युटरला सांगायचा, पेट्रोल जास्त होतंय की कमी. तोही गेला. नाकच कापल्यावर तो कम्प्युटर बिचारा अंदाजाने पेट्रोल ओतत राहिला, आणि ओतायचा ते जास्तच.

बाबांनी विचारलं होतं बरं का. "अरे, त्या जपान्याने एवढं सगळं उगाच बसवलंय का?"

"सर, त्यांच्याकडे कायदा आहे. आपल्याकडे काय आहे?"

"आपल्याकडे चिंध्या आहेत," बाबा म्हणाले, आणि आम्ही सगळे खो खो हसलो. कारण त्याच वेळी मेकॅनिक चिंध्याच कोंबत होता. कम्प्युटर डाव्या सीटच्या पुढे, पाय ठेवतो तिथे वरच्या बाजूला बसवला होता. त्याच्या वायरींचा जुडगा इंजिनाकडून आत घ्यायला मधल्या पत्र्याला छिन्नीने भोक पाडलं होतं, चांगलं मूठभर. तिथे रबराचं बूच हवं, ते मिळालं नाही. त्याने वायरींच्या भोवती चिंध्या दाबल्या. आईला ते काम पसंत पडलं नाही. ती स्वतः वाकली आणि आणखी दोन चिंध्या सुरीने सारल्या. डाव्या सीटवर बाबा बसणार होते.

गाडी खरंच मख्खन चालायला लागली. आमचा जीव भांड्यात पडला. किल्ली फिरवली की इंजिन चालू, आणि एकदा चालू केलं की दादा ते घरी येईपर्यंत बंद करत नसे. ट्रॅफिकमध्ये तासन्‌तास उभे असलो तरी नाही. तो दगड, ती शाल त्याच्या डोक्यातून गेलीच नव्हती.

आणि आई! तिने गाडीलाही घरातल्या मागच्या खिडकीसारखं करून टाकलं हो. काचांच्या कडा, दारांची जुनी रबरं जिथे जिथे खाल्लेली होती तिथे तिथे चिंध्या. "त्यांना हवा लागता कामा नये." मागे आम्ही दोघी घामाने निथळायचो, पण काच खाली करायची सोय नाही. दादा तंबाखू खायचा, थुंकायला त्याची काच थोडी उघडी असायची, त्यावरूनही बोलणी. "तुझ्या तंबाखूपायी बापाला गारठवशील."

डोकी दुखायला लागली ती तेव्हापासून. माझं दुखायचं, आईचं दुखायचं. आम्ही म्हणायचो, काल्हेरची धूळ. बाबांना मळमळायचं, पायातलं त्राण जायचं. आम्ही म्हणायचो, डायलिसिस. डॉक्टरही तेच म्हणाले, असं होतं. दोष द्यायला आजार समोर बसलेलाच होता, मग दुसरं कोण काय बघतंय? एकदा मेकॅनिकने गाडी ब्रेकच्या कामाला ठेवून घेतली होती. तेव्हा शेजाऱ्यांच्या उघड्या जीपमधून गेलो. खड्ड्यांनी हाडं खिळखिळी झाली, पण परत आल्यावर बाबांनी पोहे मागितले. लिंबू पिळून, वरून शेव घालून. आई किती खूश झाली! "आज औषध चांगलं लागू पडलं," म्हणाली. पुढच्या वेळेला आमची गाडी आली आणि पोहे परत कोणी मागितले नाहीत. आज वाटतं, कपाळ माझं, एवढं ताटात वाढून समोर ठेवलं होतं आणि तरी दिसलं नाही.

ते जानेवारीचे दिवस होते. डायलिसिस आटोपून दुपारी निघालो. काल्हेरच्या अलीकडे एक ट्रेलर आडवा झाला होता, दोन्हीकडून सगळं ठप्प. दादा बराच वेळ बसला, मग उतरला, पुढे काय झालंय बघायला. इंजिन चालूच ठेवलं. "तुझी काच वर करून जा," आई म्हणाली. त्याने केली. थोड्या वेळाने माझ्या पोटात ढवळायला लागलं, म्हणून मीही उतरले आणि एका गोदामाच्या भिंतीपाशी जाऊन उभी राहिले. मागे वळून पाहिलं तर आई काचेआडून ओठांवर बोट ठेवून मला खुणावत होती, गप्प राहा. पुढे बाबांची मान सीटवर कललेली. कित्येक दिवसांनी त्यांना गाडीत झोप लागली होती.

ट्रेलर हलला, गाड्या सुरू झाल्या. दादा धावत आला, मी आले. आईचाही डोळा लागला होता. मी दार उघडल्यावर ती उठली आणि उठल्या उठल्या दाराबाहेर वाकून ओकली. दादाने बाबांच्या खांद्याला हात लावला. "बाबा, निघालो हं." मग पुन्हा एकदा म्हणाला, "बाबा." चेहरा इतका छान दिसत होता त्यांचा. महिनोन्‌महिने राखेसारखा असलेला चेहरा, त्यावर लाली आली होती.

डॉक्टरांनी हृदय बंद पडलं असं लिहिलं. किडनीच्या माणसाचं होतं तसं. कोणालाच काही वावगं वाटलं नाही.

तेरावं झालं, मग पावसाळाही गेला. त्या गाडीत कोणी बसायला धजावेना, तेव्हा दादाने ती विकायची ठरवली. मेकॅनिक म्हणाला, जरा साफसूफ करून देतो. मी किल्ली द्यायला गॅरेजात गेले होते. तो डाव्या सीटपुढे पाठीवर झोपून कम्प्युटर सोडवत होता. वायरींभोवतीच्या चिंध्या त्याने ओढून काढल्या. पांढऱ्या चिंध्या होत्या त्या, मी स्वतः पाहिलेल्या. आता इंजिनाच्या बाजूने काळ्याकुट्ट. त्याने त्या हातात धरल्या, नाकाशी नेल्या, आणि उठून बॉनेट उघडलं. ती पत्र्याची टिकली तापून तापून वाकडी झाली होती. तिच्या कडेने निघालेल्या काजळीचा पट्टा पत्र्यावरून थेट वायरींच्या त्या भोकापर्यंत गेला होता.

बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपलेली माणसं उठत नाहीत, हे कोणाला माहीत नसतं? आम्हाला सगळ्यांनाच माहीत होतं.

तो गाडीला टेकून खालीच बसला. "ताई," म्हणाला, "ताई, सर के पैरों के पास..." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काय काय बोलले मी त्याला! शेजारच्या टायरवाल्याने येऊन मला बाजूला ओढलं. मेकॅनिक आपला ऐकत होता, मान खाली घालून, बाबांसमोर उभा राहायचा तसा. मग म्हणाला, "मला काकींकडे ने. त्यांच्या पायावर डोकं ठेवतो."

तिथे मात्र मी थंड पडले. कारण फक्त त्याचा पत्रा असता तर मी त्याला केस धरून नेलं असतं. पण त्या काळ्या चिंध्यांत आईने सारलेल्या दोन होत्या. आणि दारांना, काचांना लावलेल्या सगळ्याच्या सगळ्या तिच्या होत्या. "आईसमोर एक अक्षर काढलंस तर याद राख," मी म्हटलं. घरी जाऊन दादाला सांगितलं. तो ऐकून मोरीत गेला आणि नळ सोडून बराच वेळ तिथेच राहिला. त्यानंतर आम्ही तिघांनी तोंडाला कुलूप घातलं.

वर्षभराने कधीतरी दिघाशी गावची भाजीवाली ओट्यावर टेकली होती. आई तिला बाबांची गोष्ट सांगत होती, कितव्यांदा कोण जाणे. भाजीवाली म्हणाली, "पुण्यवान हाय गं बाई तुमचा म्हातारा. झोपंत गेला, तरास न्हाय काय न्हाय."

"नाहीच झाला त्रास," आई म्हणाली. कोथिंबिरीची जुडी सोडता सोडता तिने माझ्याकडे बघितलं, साक्षीला. "हिला विचारा. थंडीची फार भीती वाटायची त्यांना. पण मी एक फट ठेवली नव्हती गाडीत. शेवटपर्यंत वारा लागू दिला नाही त्यांना."

"हो," मी म्हटलं, "एकसुद्धा फट नव्हती."