फौजेच्या दौडीतला पाण्याचा पॉइंट

अक्षर माझं वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, त्याची आधीच माफी मागते. भंडाऱ्याकडच्या गावात चौथी झाली आणि शाळा सुटली. हे कोणाला दाखवायला लिहीत नाही. आजी खाकी घालून काय करत होती, असं नातवंडांनी कधी विचारलं तर असावं, एवढंच.

मी नगर सैनिक होते. मध्य प्रदेशात होमगार्डला हेच नाव होतं. लग्न होऊन भिलाईला आले, कॅम्प-१ नावाच्या वस्तीत राहिलो. आमचे हे पोलाद कारखान्यात ब्लास्ट फर्नेसवर, म्हणजे लोखंड वितळवायच्या भट्टीवर होते. बायांची भरती निघाली तेव्हा माझं नाव यांनीच दिलं. म्हणाले, "घरात तर तुया आवाज निघत नाही, परेडवर तरी निघते का पाहू." परेडवरही निघाला नाही. प्लाटून कमांडर म्हणायचे, "बाई, कमांड दे रही हो कि मन्नत मांग रही हो?"

एकाहत्तरच्या लढाईनंतर काही वर्षांनी फौजेने भिलाईत दौड सुरू केली. बॅनरवर मॅरेथॉन लिहिलेलं असायचं, आम्ही दौडच म्हणायचो. हिवाळ्यातला एक रविवार. सिव्हिक सेंटरहून निघायचं, सेक्टरांमधून खुर्सीपारपर्यंत यायचं आणि वळून परत. पहिल्या वर्षी लोक लेंगे खोचून अनवाणी धावले. पुढे कारखान्यातल्या एकेका शॉपची टोळी उतरू लागली. फर्नेसवाले फक्त रोलिंग मिलवाल्यांना हरवायला धावायचे. कप कोणाला मिळाला हे त्यांना ठाऊकही नसायचं.

चौक आणि पाणी नगर सैनिकांकडे. माझ्याकडे खुर्सीपारच्या वळणावरचा पॉइंट होता. पाण्याचे दोन ड्रम, स्टीलचे गिलास आणि वायरलेस घेतलेला फौजेचा एक लान्स नाईक. आदल्या दिवशी ब्रीफिंगमध्ये सुभेदार साहेब म्हणाले, "पॉइंट पर कुछ भी हो, फैसला पॉइंट इंचार्ज का." त्या वर्षी इंचार्ज मी होते.

त्या संध्याकाळी देवराव घरी आला. हा यांचा फर्नेसवरचा जोडीदार, आमच्याकडे जेवणारा. त्या रात्री त्याची रात्रपाळी होती.

"पाळी बदलून घ्या, भाऊजी," मी म्हटलं.

"बदलली तर रोलिंगवाले म्हणतीन, फर्नेसवाला झोपा काढून धावला. पाळी करून हरवलं तर मजा हाय, वहिनी."

यांची सुट्टी होती. हे आणि फर्नेसचे चार-पाच जण सकाळी माझ्याच पॉइंटवर ओरडायला उभे राहिले. धुकं होतं. थंडीने गिलास हातात धरवत नव्हते. पुढचे धावणारे वळून गेले. मग देवराव दिसला.

"वहिनी, सॅल्यूट मारा मले!" तो लांबूनच ओरडला. पाणी प्यायला, थोडा पुढे गेला, खाली बसला आणि कुशीवर पडला.

फर्नेसवाले धावले. भट्टीवर गर्मीने माणूस पडणं नेहमीचं असतं. तेव्हा काय करायचं ते सगळ्यांच्या हाताला ठाऊक होतं. सदरा उघडायचा, डोक्यावर पाणी ओतायचं, मिठाचं पाणी पाजायचं. असे कितीतरी जण त्यांनी उठवले होते. त्या थंडीतही त्यांनी तेच केलं. मीठ कोणाच्या तरी खिशातच होतं. गिलास यांच्या हातात होता.

"काही नाही, गर्मी चढली त्याले. रात्रभर भट्टीपुढं होता. आता उठते," हे म्हणाले.

लान्स नाईकने मला विचारलं, "मैडम, एम्बुलेंस बुलाऊं?"

"नको, नको," सगळे एकदम म्हणाले. एक जण हसला. "ॲम्ब्युलन्समधी गेला तर रोलिंगवाले सालभर चिडवतीन."

मी खाली बसून देवरावचा हात धरला. तो थंडगार होता आणि घामाने ओला. गर्मी चढलेल्या माणसाचं अंग तापलेलं असतं. यांचं तसं अंग मी घरी पुष्कळदा पुसलं होतं.

"वहिनी," तो हळू म्हणाला, "छातीवर कोण बसलं हाय?"

"बुलाओ," मी म्हणाले.

"कावून मधात बोलून राहिली तू?" हे ओरडले. "भट्टीचं आमाले शिकवते?"

"बुलाओ!" मी पुन्हा म्हणाले. या वेळी रस्त्यापलीकडच्या लोकांनी वळून पाहिलं.

"कंट्रोल, पॉइंट चार. रनर गिरा है, छाती में तकलीफ. एम्बुलेंस भेजो. ओवर."

"पॉइंट चार, रवाना. ओवर."

गाडी सगळ्यात शेवटच्या धावणाऱ्यामागे होती. ती येईपर्यंत मी देवरावचा हात धरून बसले. यांनी पाणी ओतणं थांबवलं, पण गिलास खाली ठेवला नाही. देवराव दवाखान्याच्या वाटेतच गेला. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. लवकर आणला असता तर वाचला असता का, हे त्यांनी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

दुपारी सुभेदार साहेबांनी मला समोर उभं केलं. "रिपोर्ट में देर क्यों हुई?"

मी सावधानमध्ये उभी होते. आवाज पुन्हा गेला होता. हे मागे उभे होते. वर्दीतले नव्हते, उत्तर द्यायचं त्यांना काही कारण नव्हतं.

"मैंने रोका था, साब," हे म्हणाले.

साहेबांनी दोघांकडे पाहिलं आणि म्हणाले, "जाओ."

पुढच्या वर्षापासून रात्रपाळी करून आलेल्याला धावायचा, छातीवर लावायचा नंबर मिळेना. कोणी खाली बसला तर आधी वायरलेस, मग पाणी, असा हुकूम झाला. हुकुमात देवरावचं नाव नव्हतं. आणखी काही वर्षांनी दौडही बंद पडली.

त्यानंतर भट्टीवर कोणी चक्कर येऊन खाली बसला की हे पाण्याकडे न जाता आधी फोनकडे धावायचे. बहुतेक वेळा गाडी येईपर्यंत तो माणूस उठून बिडी ओढत असायचा. लोकांनी यांचं नाव 'ॲम्ब्युलन्स' पाडलं. "ओ ॲम्ब्युलन्स, मले शिंक आली, फोन लावा!" हे रागावले नाहीत. रिटायर होईपर्यंत त्या नावाला ओ देत राहिले.

नवीन लागलेला कोणी विचारायचा, काका, हे नाव कसं पडलं? मग हे देवरावपासून सुरुवात करायचे. तो कसा धावायचा, किती भाकरी खायचा, रोलिंगवाल्यांना काय बोलायचा, सगळं सांगायचे. शेवटी म्हणायचे, "गाडी मी थांबवली होती." हे सांगायचं त्यांनी एकदाही टाळलं नाही.