मुंग्यांसाठी चिक्कीचा रोलर

मंडळी, आज नवलाख उंबरे गावातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये चांगल्या पोलादाचा भुसा होता होता राहिला.

लोणावळ्याच्या चिक्कीवाल्याचं यंत्र सत्तरच्या दशकातलं, मापं इंचांत. नव्या रोलरची फाइल पुण्याच्या डिझायनरने एकक न लिहिताच पाठवली. आमच्या सॉफ्टवेअरने, कुणालाही न विचारता, तेच आकडे मिलिमीटर धरले. फाइलमध्ये बारा इंची रोलर नखाएवढा झाला!

मापांचा कागद फाइलशी ताडल्याशिवाय मशीन सुरू करायचं नाही, हा माझा नियम. त्यावरून मला सगळ्यात जास्त चिडवणारा ऑपरेटर रफीक आज कागद हातात घेऊन ओरडला, "मॅडम, मुंग्यांनी चिक्कीचं दुकान काढलंय का?"

मग डिझायनरला फोनवर त्यानेच सुनावलं, "साहेब, आमचा नियम हाय. कागद जुळल्याबिगर मशीन चालत न्हाई."

'आमचा' म्हणाला तो! रोलर बिनचूक निघाला, पण मी कॉलर ताठ करून घरी आले ती त्या एका शब्दामुळे. तुमचा कुठला नियम असा सगळ्यांचा झालाय?