दहा बोटांचा दाखला

"अहो बाई, मी काय मुद्दाम पुसून आलोय का? आहेत ती बोटं हीच. घरी दुसरा जोड नाही ठेवलेला."

"ते मला नका सांगू दादा, मशीनला सांगा," काचेपलीकडची बाई म्हणाली. "मला दिसतायत तुमची बोटं. त्याला दिसत नाहीत."

फरशीवाल्यानं हात वर करून उजेडात धरला. दहाही बोटांची टोकं गुळगुळीत, नदीतल्या गोट्यासारखी. सव्वीस वर्षं फरश्या बसवल्या, सव्वीस वर्षं सिमेंटच्या मालात हात घातला. त्या मालानं काय करावं, तर माणसाच्या बोटावर जन्मतःच ज्या रेघा असतात त्या सगळ्या खाऊन टाकल्या.

"चोर असतो तर बरं झालं असतं," तो म्हणाला. "कुणाला सापडलोच नसतो."

बाई हसली नाही. हे असले विनोद तिच्या खिडकीत दिवसाला चार होत असणार. तिनं पडद्यावर बघून सांगितलं, "आता तीन आठवड्यांनी या. तोवर हातांना काम नको. सिमेंट नको, साबण कमी, रोज तेल लावा. कातडी नवी येते. पण नीट ऐका, ही दुसरी वेळ असेल. दुसऱ्या वेळी नाही उमटली तर प्रकरण मुख्य ऑफिसला जातं. तिथून यायला चार-पाच महिने."

चार-पाच महिने. फरशीवाला पायऱ्या उतरून खाली आला आणि फाटकाशी नुसताच उभा राहिला.

गोष्ट अशी होती. परदेशात एका बालगृहात एक पोर होती. पावणेपाच वर्षांची. फरशीवाला आणि त्याची बायको गेली तीन वर्षं तिला दत्तक घ्यायच्या मागं होते. डॉक्टरांचे दाखले झाले, घराची पाहणी झाली, मालकाचं पत्र झालं. एकदा पाहुण्यासारखे आठ दिवस जाऊनही आले. पोरीनं पहिले दोन दिवस वर बघितलंच नाही, फक्त याच्या कामाच्या बुटांकडं बघत राहिली. तिसऱ्या दिवशी बुटावर येऊन बसली आणि याची पोटरी धरून म्हणाली, चल. मग हा अख्खा दिवस तिला पायावर घेऊन हिंडला. तिच्या भाषेत बुटाला जे म्हणतात तेच तिनं याचं नाव ठेवलं.

सगळं होत आलं होतं. तिथल्या कोर्टाची शेवटची तारीख तेवढी राहिली होती. तीही आली असती, पण न्यायाधीश आजारी पडले, तारीख पुढं गेली आणि मधल्या काळात पोलिसांच्या दाखल्याची मुदत संपली. नवा दाखला काढायचा तर बोटांचे ठसे पुन्हा. मागच्या वेळी शाई लावून कागदावर उठवले होते. शाईचे दहा डाग पडले, साहेबांनी डागांनाच ठसे म्हटलं आणि चालवून घेतलं. आता मशीन आलं होतं. मशीन काही चालवून घेत नाही.

कोर्टाची तारीख पाच आठवड्यांवर. ती हुकली तर नवी मिळायला सहा महिने. आणि पोर पाच वर्षांची झाली की बालगृहातून मोठ्या मुलांच्या संस्थेत जाणार, दुसऱ्या गावी, तिथं फाईल पहिल्यापासून. दत्तकाचं काम बघणाऱ्या इथल्या संस्थेच्या कागदवाल्या मॅडमनी हे फोनवर इतक्या हळू आवाजात सांगितलं होतं की त्याला ते जास्तच मोठ्यानं ऐकू आलं.

बायको शहराची बस चालवायची. चौदा नंबरची. घरी आली, गणवेशाची टोपी खुंटीला लावली, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बघू हात."

त्यानं हात पुढं केले. तिनं उलटेसुलटे करून पाहिले, टायर बघावा तसे.

"ते पाहणीला आले होते तेव्हा विचारलं ना, कष्टाचा माणूस आहे का म्हणून? उगाच मालकाचं पत्र आणत बसलो. हे हात दाखवले असते तर पुरलं असतं."

"तुला चेष्टा सुचतेय."

"मग काय सुचायला हवं? तीन आठवडे हात खिशात घालून बसायचं. एवढंच तर सांगितलंय. डोंगर उचलायला नाही सांगितला."

"आणि नाहीच उमटली तर?"

"उमटतील."

ही तिची पद्धतच होती. पोरीला आणायला जायची रजा तिनं डेपोत तीनदा मांडली होती, तीनदा तारीख बदलली होती. डेपोचा मुख्य म्हणायचा, "बाई, अर्जावर तारीख पेन्सिलनं लिहीत जा." ही चौथा अर्जही पेननंच लिहून आली. शेजारीण म्हणाली, देवावर सोड आता. तर ही म्हणे, "सोडून कसं चालेल? त्यालाही दहा कामं असतात. मागं लागावं लागतं." ती रोज सकाळी गाडी सुरू करण्याआधी स्टेअरिंगवर हात ठेवून मिनिटभर डोळे मिटायची. काय मागायची ते नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं, पण न सांगता कळण्यातलं होतं.

झालं. फरशीवाल्याच्या हातात पांढरे सुती मोजे आले. सकाळ-संध्याकाळ तेल. भांडी नाहीत, कपडे नाहीत. काम तर अर्धं पडलेलं, एका दवाखान्याच्या नव्या इमारतीतला लांबच लांब बोळ. ते त्यानं मेव्हण्याच्या हवाली केलं. मेव्हणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. हात बरा, घाई फार.

"दाजी, तुम्ही नुसतं स्टुलावर बसायचं आणि बोट न लावता बोलायचं," मेव्हणा म्हणाला. "मुकादम झालात. मजा करा."

कसली मजा! आठ दिवस त्यानं काढले. स्टुलावर बसून दुसऱ्याला फरशी बसवताना बघणं म्हणजे दुसऱ्यानं आपल्या तोंडात घास घालण्यासारखं. नवव्या दिवशी, दुपारी, त्याला दात दिसला. म्हणजे दोन फरश्या शेजारी बसवल्या की एकीची कड दुसरीपेक्षा केसभर वर राहते, तो दात. डोळ्याला दिसत नाही, बोटालाच कळतो. पण याला डोळ्यांनीच कळला.

"उचल ती."

"सपाट आहे दाजी."

"दात आहे."

"पाणसळ लावून बुडबुडा दाखवू?"

"तुझ्या पाणसळीला सांग की उद्या इथून पेशंटच्या गाड्या जाणार आहेत आणि दर वेळी ठक वाजणार आहे."

मेव्हणा माल आणायला वळला तेवढ्यात यानं मोजा काढला आणि तर्जनी सांध्यावरून फिरवली. होता दात. फरशी उचलली, खालचा माल सारखा केला, पुन्हा ठोकली. मग शेजारची. मग शेजारचीच्या शेजारची.

संध्याकाळी तेल लावायला बायकोनं हात हातात घेतला आणि थांबली. उजव्या तर्जनीच्या नखात पांढरं होतं.

"हे काय?"

"चुना उडाला असेल."

"अहो."

"एक फरशी. एकच."

तिनं नख उजेडात धरलं.

"चार," तो म्हणाला.

तिनं तेलाची वाटी खाली ठेवली. "तिकडं ती पोर रोज सकाळी फाटकाशी बूट बघत बसते, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे. तिला सांभाळणाऱ्या तिथल्या मावशीनं सांगितलं मला फोनवर. आणि तुम्हाला केसभर दात सहन होत नाही."

तिच्या आवाजात पहिल्यांदाच भीती होती. ही भीत नाही म्हणून तर तो तीन वर्षं टिकला होता.

दुसऱ्या दिवसापासून तो कामावर गेलाच नाही. घरात बसला. मावशीनं पोरीच्या भाषेतले शब्द आपल्या आवाजात फोनवर भरून पाठवले होते: पाणी, ये, झोप, दुखतंय का, घाबरू नको. ते लावून भिंतीकडं बघत म्हणत राहिला. त्याची जीभ त्याच्या बोटांसारखीच, वळायची नाही. "घाबरू नको" म्हणताना मावशीच्या मते तो "कोंबडी धू" म्हणत होता. तरी सोडलं नाही. बारा दिवसांत चाळीस शब्द बसवले, एकेक ठोकून.

ठरल्या दिवशी बायकोनं रजा टाकली. निघताना शेवटचा हात म्हणून तिनं त्याच्या बोटांना भरपूर तेल चोपडलं. मायेनंच. खिडकीतल्या बाईनं ओळखलं. "या दादा. ठेवा." त्यानं ठेवलं आणि बोट काचेवरून सर्रकन घसरलं.

"हे काय, तळून आणलीत का?" बाई म्हणाली. "धुवून या आधी. कोपऱ्यात नळ आहे."

बायकोनं कपाळाला हात लावला. दोघं नळाशी गेले, तिनंच ती बोटं साबणानं धुतली, पुसली, फुंकर घालून वाळवली. मागं रांग चुळबुळत होती.

डावा हात झाला. पाची बोटं. उजवा अंगठा झाला, मधलं झालं, पुढची दोन्ही झाली. पडद्यावर नऊ हिरव्या खुणा आल्या. राहिली तर्जनी. ती फरशीवरून फिरवलेली.

पहिल्या वेळी लाल. दुसऱ्या वेळी लाल.

"एका बोटाला तीनच वेळा देतं मशीन," बाई म्हणाली. आज तिचा आवाज खिडकीपलीकडचा राहिला नव्हता. "कातडी आलीय, दिसतेय मला. जरा तोंडाची वाफ द्या बोटावर. कोरडं पडलंय."

त्यानं वाफ दिली. मग बोट टेकवून आणखी जोर लावायला गेला.

"थांबा," बायको म्हणाली.

ती इतका वेळ हाताकडंच बघत होती. "अहो, तुम्ही ते बसवताय. फरशी बसवतात तसं दाबताय. रेघा चेपल्या जातायत. बसवू नका. नुसतं तपासा. दात आहे का बघा."

फरशीवाल्यानं खांदा सैल सोडला. डोळे मिटले. ओल्या मालावरच्या फरशीला हलू न देता सांधा बघावा, तसं बोट त्या काचेवर टेकवलं. आहे की नाही इतकं हलकं. काच एकदम सपाट होती. चांगलं काम होतं कुणाचं तरी.

मशीननं टुक केलं. हिरवं.

"झालं," बाई म्हणाली. "दहा."

मागच्या रांगेतल्या एकानं टाळी वाजवली, मग लाजून बंद केली.

दाखला सहाव्या दिवशी हातात आला आणि त्याच दिवशी कागदवाल्या मॅडमनी तो पुढं पाठवला. कोर्टाच्या तारखेला या दोघांनी हजर राहायची गरज नव्हती, म्हणून दोघंही कामावर गेले. घरात बसून काय करणार? साडेअकराला फरशीवाला दवाखान्याच्या बोळात गुडघ्यावर असताना फोन आला. मॅडम म्हणाल्या, "दिली. पोर तुमची झाली. एकवीस तारखेला या न्यायला."

त्यानं बायकोला फोन लावला. ती उचलणार कशी? गाडी चालवताना ती फोन बंद ठेवते. तो तसाच उठला, माल लागलेल्या हातांनी, रस्ता ओलांडून थांब्यावर जाऊन उभा राहिला. सात नंबर गेली. अकरा गेली. चौदा आली, पुढचं दार उघडलं.

"झालं," तो खालूनच म्हणाला. "एकवीसला न्यायला बोलावलंय."

बायकोनं स्टेअरिंग दोन्ही हातांनी धरलं. गाडी हलेना. मागून एक म्हातारा ओरडला, "काय बिघडलं का?"

"काही नाही बिघडलं आजोबा," ती वळून म्हणाली, आणि तिचा चेहरा बघून म्हातारा परत सीटवर टेकला. मग तिनं नवऱ्याकडं बघितलं. "तुम्ही चढताय का?"

"नाही. काम आहे."

"मग मागं व्हा, दार लागेल." दार लागता लागता ती म्हणाली, "एकवीसच लिहिली होती मी रजेला."

बस गेली. तो बोळात परतला. मेव्हण्याला सांगितलं, तर तो थापी टाकून नाचायलाच लागला. "म्हणजे मी मामा! दाजी, मामा झालो मी!"

"झालास ना? मग मामा, त्या कोपऱ्यातला ढाळ बघ. पाणी दाराकडं चाललंय. दवाखान्यात काय पोहायला शिकवायचंय?"

"आज तरी सोडा की, दाजी."

"एकवीसला जायचंय. त्याच्या आत बोळ संपवायचाय." त्यानं पाटीतला माल थापीनं उलटापालटा केला, चिमूट हातात घेऊन बघितली, घट्ट वाटला म्हणून पाणी घातलं आणि कोपऱ्यातली पहिली फरशी उचलायला गुडघ्यावर बसला.