डावा स्पीकर

वसईच्या पापडी गावातलं आमचं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान बंद करून वर्षं झाली, पण किस्से काही बंद होत नाहीत! पार्टनर विलास कुठल्या लग्नात भेटला की जेवण बाजूला राहतं आणि आम्ही सुरू होतो.

त्या काळी नवं अपडेट आलं की आमची चांदी. आठवड्याभरात निम्मी वसई निळा स्क्रीन घेऊन दारात!

शेजारच्या होळी गावचा एक भाजीवाला उघडा लॅपटॉप मांडीवर घेऊन रिक्षातून आला. बायकोने वर छत्री धरलेली. म्हटलं, "अहो, मिटून आणायचा ना!"

"कसा मिटू? बंद करू नका असं लिहिलंय वर!"

आमच्या पायरीवरच बॅटरी संपली. अपडेट अर्धवट, मशीन मेलं. बिचारा एवढा जपून आला होता!

विरारच्या एका साहेबांनी तर समोर येईल त्याला 'येस' दाबलं होतं. का? "ते इतकं अदबीने विचारत होतं हो, नाही कसं म्हणणार!"

पापडीच्याच एक मावशी म्हणाल्या, "अपडेट झालं नि बंदच पडला रे. फादरांकडून पवित्र पाणी शिंपडून आणलाय."

विलासने कीबोर्ड उचकटला. खाली ओल. तो गंभीरपणे म्हणाला, "मावशी, फादर जरा लांबून शिंपडत नाहीत का?"

आता आमच्या दुकानाचा नियम ऐका. एकाच्या सिनेमांनी आणि गाण्यांनी आमची बॅकअपची डिस्क गच्च भरली, तेव्हा विलासने पुठ्ठ्यावर लिहून टांगलं, 'गाणी, सिनेमे घेणार नाही.' फॉरमॅटच्या आधी फोटो आणि कागदपत्रं काढायची, बाकी सगळं साफ. दुसरी सवय माझी. अपडेटनंतर आवाज जायचा, म्हणून गिऱ्हाइकाचंच एखादं गाणं लावून दोन्ही स्पीकर तपासायचे.

नंदाखालचे इनास सर शाळेत शिकवायचे. त्यांचा लॅपटॉप अपडेटनंतर दहा मिनिटांत अडकायचा. मी नेहमीसारखा आवाज तपासला, फोटो काढले, प्रश्नपत्रिका काढल्या, फॉरमॅट मारला.

सर न्यायला आले. उघडून बराच वेळ शोधत राहिले. "आईची गाणी कुठायत?"

लग्नात बायका म्हणतात ती, आमच्या बोलीतली जुनी गाणी. सरांनी आईला समोर बसवून रेकॉर्ड केलेली. "दिवसाला एकच म्हणायची, मग तिला दम लागायचा." आई नाताळाच्या आधी गेली होती.

विलासने तीन दिवस रिकव्हरी लावली. पुसलेल्या जागेवर नवी सिस्टीम टाकून आम्ही मोकळे झालो होतो, काय मिळणार! पुठ्ठा त्याने स्वतःच्या हाताने फाडला. फोटो काढताना तो फोल्डर मला दिसला होता, साधं विचारलंही नाही मी. आजही त्याची लाज वाटते.

सर चौथ्या दिवशी आले. ओरडतील म्हणून मी तयारच होतो. ते स्टुलावर बसले आणि म्हणाले, "तुम्ही आवाज तपासता ना? आईचं एखादं लावलं होतं का?"

"हो सर. एक लावलं होतं. पूर्ण."

सरांनी खिशातून पेन काढलं, आमच्याच पावतीची पाठ पुढे घेतली. "चाल राहू दे. शब्द सांगा, आठवतील तेवढे."

मी आठवलं. खूप आठवलं.

"सर... डावा स्पीकर जरा खरखरत होता."